झाकण आहे, फक्त कापलेलं नाही

"दुकानात मिळतो तो डबा! माणूस स्वतःच्या हातांनी करतो ती पेटी!"

हे वाक्य मिलिमीटररावांनी एका रविवारी सकाळी मागच्या गॅलरीत उभं राहून आपल्या लेकीला ऐकवलं. आवाज अगदी हळू होता, कारण स्वयंपाकघरात बायको होती आणि पेटी तिच्यासाठीच होती. पण हळू आवाजातही माणसाला केवढी फुशारकी मारता येते, ते त्या दिवशी लेकीला कळलं.

मिलिमीटरराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. गेली एकतीस वर्षं हे गृहस्थ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढत होते. कुणाची रेघ अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी ते अख्खा कागद परत पाठवत. त्यावरून कचेरीत हे नाव पडलं आणि एका सहकाऱ्याच्या फोनवरून घरापर्यंत पोचलं. कागदावर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कागद सोडून वस्तूला हात लावला, की मात्र काय व्हायचं कोण जाणे! दोन वर्षांपूर्वी त्यांनी पक्ष्यांसाठी लाकडी घर केलं होतं. नकाशा असा सुंदर, की फ्रेम करून भिंतीवर लावावा. पण दार इतकं बारीक झालं, की पक्षी येऊन नुसते बघून गेले आणि शेवटी तिथे मुंग्या राहायला आल्या. अजून आहेत. सुखात आहेत.

या वेळी मात्र तसं होऊन चालणार नव्हतं. बायको शाळेत शिकवायची. शाळाच काय, अख्खी गल्ली तिला 'बाई' म्हणायची. चौतीस वर्षं मुलांना शिकवून येत्या शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या. दुपारी चार वाजता निरोपाचा समारंभ होता, आणि समारंभाला त्या आपल्या आईने दिलेला मोत्यांचा सर घालणार होत्या. हा सर इतकी वर्षं एका मखमली पिशवीत, पिशवी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणि डबा कपाटात, असा राहत आला होता. डब्याच्या झाकणावर हसणारं मांजर होतं. आईच्या मोत्यांनी मांजराखाली राहायचं? छे! मिलिमीटररावांच्या मनाला ते फार लागलं होतं.

आता गुपचूप पेटी करायची तर गॅलरीतल्या ठोकाठोकीला काही निमित्त हवं. ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"चपलांचा स्टँड करतोय," त्यांनी बाईंना सांगितलं.

बाईंनी येऊन फळ्या पाहिल्या. गुळगुळीत सागवान, बोटभर जाड, वीतभर लांब.

"एवढ्याशा फळ्यांचा? कुणाच्या चपला ठेवणार आहात, त्या मुंग्यांच्या?"

"हा नमुना आहे. आधी नमुना, मग स्टँड."

"बरं बाई," म्हणून बाई गेल्या. पण निदान या वर्षी दारातला चपलांचा ढीग हटणार, ही बातमी त्यांनी त्याच दिवशी आईला फोनवर सांगून टाकली.

फळ्या आणल्या होत्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडून. हे मिस्त्री खरेखुरे सुतार. कानामागे पेन्सिल, तोंडात दोन खिळे, आणि बोलणं मोजकं. मिलिमीटररावांनी त्यांच्यापुढे चार पानी नकाशा पसरून आपली युक्ती सांगितली होती. पेटी आधी सगळ्या बाजूंनी बंद करून चिकटवायची. सहाही बाजू बंद! मग घासून, गुळगुळीत करून, शेवटी वरून पंचवीस मिलिमीटरवर करवत फिरवायची आणि झाकण कापून वेगळं करायचं. म्हणजे लाकडाच्या रेषा पेटीवरून झाकणावर अखंड जातात!

"रीत चांगली आहे," मिस्त्री म्हणाले. "आम्हीही करतो. पण साहेब, खालच्या बाजूला एक बारीक खिळा मारून ठेवा. पेन्सिलीची खूण घासताना जाते. मग वर कुठलं आणि खाली कुठलं, कळत नाही."

"मिस्त्री, माझ्याकडे नकाशा आहे!"

मिस्त्रींनी तोंडातले खिळे या गालातून त्या गालात नेले.

तर तो रविवार. बाई शाळेतलं कपाट रिकामं करायला गेल्या आणि मिलिमीटररावांनी गॅलरी गाठली. पेटीच्या चार भिंती आणि तळ चिकटवून झाले होते. तळावर मखमल लावलेले कप्पे बसवले होते, त्यातला मधला गोल कप्पा मोत्यांच्या सरासाठी. आता सर त्यात नीट बसतो का, हे प्रत्यक्ष पाहायला नको? त्यांनी कपाटातून पिशवी आणली, सर काढला, वेटोळं करून कप्प्यात ठेवला आणि वर कापूस भरलेली मखमली गादी दाबून बसवली. काय बसली! ना सैल, ना घट्ट! या माणसाने आयुष्यात कधी नाच केला नव्हता, पण त्या दिवशी गॅलरीत त्यांनी एका पायावर गिरकी घेतली. लेकीने पाहिली म्हणून आपण विश्वास ठेवायचा.

त्यांनी रिकामी पिशवी उचलून नेली आणि अगदी जशीच्या तशी डब्यात ठेवली. परत येऊन वरच्या कडांना गोंद लावला. हा गोंद दहा मिनिटांत पकडतो. आता फक्त सर काढायचा आणि झाकणाची फळी बसवायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"बाबा, आई आली!"

"इतक्या लवकर?"

"कपाटाची किल्लीच घरी विसरली म्हणतेय!"

गोंद लागलेला, बायको दारात, गुपित उघड्यावर! मिलिमीटररावांनी फळी उचलली, कडांवर बसवली, चारी बाजूंनी फळ्या दाबून धरणारे शिकंजे आवळले आणि सगळ्यावर अंघोळीचा टॉवेल गुंडाळला. बाई गॅलरीत आल्या तेव्हा ते टॉवेलवर हात ठेवून उभे होते.

"नमुन्याला ताप आलाय का?" बाईंनी विचारलं.

"गोंद वाळतोय."

"आणि तुम्हाला का घाम आलाय?"

"मी पण वाळतोय," असं काहीतरी ते बोलून गेले. बाईंनी मान हलवली, किल्ली घेतली आणि त्या गेल्या. जाता जाता पुटपुटल्या, "या महिन्यात किल्ली विसरायची ही तिसरी वेळ. काय झालंय मला!"

ते पुटपुटणं मिलिमीटररावांच्या कानावर पडलं, पण तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त गोंद होता.

सोमवार, मंगळवार घासण्यात गेले. पेटी लोण्यासारखी गुळगुळीत झाली. बुधवारी त्यांनी ती हातात फिरवली आणि त्यांच्या लक्षात आलं, की वरच्या बाजूला काढलेला बाण नाहीसा झालाय. घासताना गेला. सहाही बाजू एकसारख्या देखण्या. मिस्त्रींची आठवण आली, पण माणसाने किती वेळा मिस्त्रींची आठवण काढायची? त्यांनी जी बाजू जास्त सुंदर दिसली ती 'वर' ठरवली. तर्क असा, की आपण मुळात सुंदर फळीच वर लावली असणार! मग पटाशी घेऊन दोन संध्याकाळी खपून त्या बाजूवर एकच शब्द कोरला: 'तुझ्यासाठी'. अक्षरं इतकी सुबक आली, की लेकीचेसुद्धा डोळे पाणावले.

शुक्रवारी दुपारी सासूबाई आल्या. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, नजर अशी तेज, की दारातूनच त्यांनी चपलांचा ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "जावईबापू, स्टँड झाला म्हणे?"

"नमुना झालाय, आई."

"मग नमुन्याच्या चपला तरी दिसू देत." एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या आणि बाईंकडे वळल्या. "अगं, उद्या सर घालणार ना? जरा घालून दाखव बरं. डोळे भरून बघू दे."

बाई हसत आत गेल्या. मांजराचा डबा उघडल्याचा आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती.

त्यानंतर घराची जी उलथापालथ झाली, ती चोर आले असते तरी झाली नसती! गाद्या उलटल्या. कपाट भिंतीपासून ओढलं. लेकीने पंख्यावर हात फिरवून पाहिला, का ते तिलाच ठाऊक. सासूबाईंनी खुर्चीतून न उठता सगळ्यांना कामाला लावलं. आणि सगळ्यात जोरात कोण शोधत होतं? मिलिमीटरराव! पलंगाखाली शिरले ते दुसऱ्या बाजूने निघाले. मनात मात्र ते निर्धास्त होते. 'मी पिशवी परत ठेवली,' ते स्वतःशी म्हणत होते, 'जशीच्या तशी ठेवली. तेव्हा जे काही झालं ते नंतर झालं.' पिशवी ठेवल्याचं त्यांना इतकं लख्ख आठवत होतं, की सराचा विचारही मनात आला नाही. नकाशे काढणाऱ्या माणसाचं असंच असतं. कागदावर टिकमार्क पडला, की काम झालं.

शनिवारी सकाळी चहाचे कप तसेच निवत पडले होते. बाई टेबलाशी बसून भाषणाचा कागद लिहीत होत्या. चौतीस वर्षं त्या कागदाशिवाय बोलत आल्या होत्या.

"कागद कशाला?" मिलिमीटररावांनी विचारलं.

"विसरले तर?" बाई म्हणाल्या. मग पेन खाली ठेवलं. "मी कधीतरी तो सर काढला, कुठेतरी ठेवला, आणि मला काही म्हणजे काही आठवत नाहीये. तीनदा किल्ली विसरले, तेव्हा हसण्यावारी नेलं. माझ्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी घड्याळ कुठे ठेवलं ते आठवेना. मग..."

एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. बाईंनी कागदाची घडी केली. "शाळेत कळवते, मी नुसती येते. भाषण नको. सगळ्यांसमोर मध्येच अडकले, तर मला सहन व्हायचं नाही."

बायको मोत्यांसाठी रडत असती, तर मिलिमीटररावांनी दुसरे मोती आणले असते. पण इथे मोत्यांचा प्रश्नच नव्हता. इथे ही बाई स्वतःलाच हरवून बसली होती आणि तिला काय द्यावं ते त्यांना कळेना.

लेकीला एकदम रविवारची ती गिरकी आठवली. तिने त्यांना दंडाला धरून गॅलरीत नेलं.

"बाबा, रविवारी सर तू घेतला होतास ना?"

"परत ठेवला! पिशवी मी स्वतः डब्यात—"

"पिशवी ठेवलीस. सर ठेवलास?"

हळूहळू मिलिमीटररावांची नजर टॉवेलकडे गेली. टॉवेलखाली पेटी होती. सहाही बाजूंनी बंद.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने या वेळी युक्ती लढवली असती. गुपचूप पेटी कापली असती, सर पलंगाखाली टाकला असता आणि 'सापडला, सापडला!' म्हणून ओरडला असता. मिलिमीटररावांच्याही मनात ते आलं, खोटं कशाला सांगा! पण तसं केलं, तर सर इथे आपणच टाकला आणि विसरलो, असं बाईंना जन्मभर वाटत राहिलं असतं. ते त्यांना नको होतं. ते टॉवेलसकट पेटी घेऊन आत गेले आणि ती टेबलावर ठेवली.

"तू काही विसरली नाहीस," ते म्हणाले. "सर यात आहे. मी ठेवलाय."

बाईंनी टॉवेल काढला. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग व्यवहारी नजरेने नवऱ्याकडे पाहिलं.

"उघडा."

"उघडत नाही."

"म्हणजे?"

"तशी नाही उघडत."

सासूबाई चष्मा लावून पुढे सरकल्या. पेटी चारी बाजूंनी पाहिली, मग दारावर टकटक करावी तशी वर टकटक केली. "जावईबापू, याला झाकण कुठे आहे?"

"झाकण आहे, आई! फक्त कापलेलं नाही."

"मग सर आत गेला कसा?"

"तेव्हा वरची फळी नव्हती."

"आणि फळी बसवताना आत सर आहे, हे दिसलं नाही?"

"सर गादीखाली होता."

"गादीखाली!" सासूबाई बाईंकडे वळल्या. "अगं, हा माणूस सरकारात नकाशे काढतो ना? मग नळाला पाणी येतं हेच आश्चर्य!"

बाई मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. "म्हणजे सर मी काढलाच नव्हता?"

"नाही."

"मी काही विसरले नव्हते?"

"किल्ली तेवढी विसरलीस. ती सगळेच विसरतात. मी तर अख्खा सर विसरलो!"

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी असा एक श्वास सोडला, की टेबलावरचा भाषणाचा कागद उडून खाली पडला. कुणी उचलला नाही.

"करवत आणा," त्या म्हणाल्या.

घड्याळात साडेबारा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर पेटी ठेवली. एक टोक बाईंनी धरलं, दुसरं लेकीने. सासूबाई देखरेखीला. मिलिमीटररावांनी नकाशा उघडून कात्रीखाली दाबला, वरून मोजून पंचवीस मिलिमीटरवर रेघ मारली आणि करवत लावली.

"सराला लागणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"अगं, सर तळाशी. करवत वर. मध्ये चांगली चार बोटं जागा आहे. नकाशा बघ!"

एक बाजू कापली. दुसरी कापली. तिसऱ्या बाजूला करवतीच्या पात्याला आत काहीतरी घासल्यासारखं लागलं. 'वरती तर काहीच नाही,' असं म्हणून त्यांनी घाम पुसला. चौथी बाजू कापली गेली. मिलिमीटररावांनी दोन्ही हातांनी झाकण उचललं.

पेटी रिकामी!

नुसती रिकामी नव्हे, तर उघडी बोडकी! मखमल नाही, कप्पे नाहीत, काहीच नाही. चार कोऱ्या भिंती आणि तळाशी भुसा. बाईंचा चेहरा उतरला. सासूबाई म्हणाल्या, "झालं!" मिलिमीटरराव हातात झाकण धरून नुसते उभे. आणि तेवढ्यात त्यांच्या हातातल्या झाकणातून मखमली गादी टपकन पेटीत पडली. तिच्यामागून मोत्यांचा सर सुळकन खाली आला आणि भुशात वेटोळं करून बसला.

क्षणभर कुणालाच कळेना. मग लेकीने वाकून झाकणात पाहिलं. सगळे कप्पे तिथे होते, छताला लटकल्यासारखे.

"बाबा," ती म्हणाली, "तू तळ कापलास."

आणि बाई हसायला लागल्या. साध्यासुध्या नव्हे, खुर्ची धरून, डोळे पुसत, हसू आवरता आवरता पुन्हा हसत! सर हातात घेऊन एकेक मोती चाचपत होत्या आणि हसत होत्या. सगळे मोती जागच्या जागी होते. गोल कप्प्याच्या भिंतीवर मात्र करवतीचा एक ओरखडा उमटला होता. अजून अर्धा मिलिमीटर आत गेला असता, तर दोरा तुटला असता. ते पाहून मिलिमीटरराव खुर्चीत मटकन बसले आणि त्यांनी सासूबाईंचं पाणी पिऊन टाकलं.

चार वाजता बाई मोत्यांचा सर घालून मंचावर उभ्या राहिल्या. भाषणाचा कागद घरीच टेबलाखाली पडला होता. चाळीस मिनिटं बोलल्या. एक शब्द विसरल्या नाहीत. फार बरं झालं असतं, निदान पेटीचा भाग तरी विसरल्या असत्या तर! पण तो त्यांनी टॉवेलपासून भुशापर्यंत, सगळ्या आवाजांसकट, साग्रसंगीत सांगितला. मागच्या रांगेत बसलेले मिस्त्री खाली मान घालून हसत होते. पहिल्या रांगेत मिलिमीटरराव कानापर्यंत लाल झाले होते. पण शेवटी बाई म्हणाल्या, "ती पेटी मी आता उलटी करून वापरणार आहे. आतले कप्पे वर डोकावतात म्हणून झाकण असं काही घट्ट बसतं, की इथे येताना मिस्त्रींना दाखवलं, तर ते म्हणाले, मुद्दाम केलं असतं तर इतकं जमलं नसतं." तेव्हा मात्र मिलिमीटररावांची छाती थोडी फुगली.

'तुझ्यासाठी' ही अक्षरं आता पेटीच्या बुडाखाली गेली आहेत. बाई ती येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. त्यासाठी पेटी उलटी करावी लागते, मग आतलं सगळं कप्प्यांतून झाकणात सांडतं, मग सगळे मिळून गोळा करतात. बाईंची त्याबद्दल तक्रार नाही.

एवढ्यावर हे संपलं असतं, तर बरं होतं. पण सासूबाई रविवारी चहा घेताना म्हणाल्या, "पेटी झाली. आता चपलांचा स्टँड?" आणि मिलिमीटररावांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. या वेळी त्यांनी मिस्त्रींचं सगळं ऐकलं. खालच्या बाजूला एक सोडून चार खिळे मारले. स्टँडला खाली एक बंद कप्पा, दार नंतर कापायचं, म्हणजे रेषा अखंड! मंगळवारी गोंद लागला, शिकंजे आवळले.

बुधवारी सकाळी सासूबाई परत जायला निघाल्या. पिशवी भरली, रिक्षा दारात आली. समारंभानंतर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. दारातल्या ढिगात त्यांनी पाय घातला, मग काठी घातली, मग वाकून पाहिलं.

"अगं, माझी एक चप्पल दिसत नाही गं," त्या कसंनुसं हसत म्हणाल्या. "मीच कुठेतरी ठेवली असेन. वय झालं आता."

गॅलरीत कुणीतरी एकदम खोकलं.

बाई शाळेतल्या मुलांनी निरोपाला दिलेल्या पत्रांचा गठ्ठा वाचत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"आई, तू काही विसरलेली नाहीस. खाली बस." मग गॅलरीकडे बघून त्यांनी आवाज चढवला, "अहो, मापाला चप्पल डावी घेतली होतीत की उजवी? जाऊ दे, करवत आणा!"